हाकेला ओ कोण देणार?

चिकलठाण्यात राहणाऱ्या माणसाला दोन आवाजांची सवय असते. एक विमानतळावर उतरणाऱ्या विमानाचा आणि दुसरा एमआयडीसीतल्या कारखान्याच्या भोंग्याचा. विमान डोक्यावरून गेले तरी कोणी मान वर करीत नाही. भोंगा झाला की मात्र शेकडो पाय एकदम हलतात. आवाज दोन्ही मोठेच, पण एकाला ओ मिळते, दुसऱ्याला मिळत नाही. भोंगा आपल्यासाठी वाजला आहे, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते, एवढाच काय तो फरक.

याच चिकलठाण्यात जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. सगळे त्याला मिनी घाटी म्हणतात. 2020 मध्ये कोरोनाची साथ आली आणि हे रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवले गेले. त्या दोन वर्षांत आपल्या शहरातल्या कितीतरी घरांना तिसऱ्या एका आवाजाची ओळख झाली. खाटेशेजारच्या मॉनिटरचा आवाज. छातीला चिकटवलेल्या तारा, पडद्यावर धावणारी हिरवी रेघ, आणि मध्येच घुमणारा तो टिंग-टिंग अलार्म. हृदयाचा ठोका चुकला की यंत्र स्वतःच ओळखते आणि हाक देते. आता तर या कामाला कृत्रिम बुद्धिमत्ताही जुंपली गेली आहे.

यंत्र चांगले की वाईट, हा माझा प्रश्न नाही. त्याने आजवर असंख्य जीव वाचवले आहेत. माझा प्रश्न वेगळा आहे. यंत्राने हाक दिली, तिला कोणी ओ दिली नाही आणि माणूस दगावला, तर अल्लाहपुढे आणि माणसांपुढे उत्तर कोणी द्यायचे? हाक देणाऱ्या यंत्राने, न धावलेल्या परिचारिकेने, की आणखी कोणी?

हृदयाच्या चालीतला बिघाड ओळखणे हे काम काही आजचे नाही. आपल्या आजी-आजोबांच्या काळी हकीमसाहेब मनगटावर बोटे ठेवून डोळे मिटून बसत. इब्न सीनाच्या 'अल-कानून' या अकराव्या शतकातील ग्रंथात बिघडलेल्या नब्जेचे प्रकार नावानिशी दिलेले आहेत. हरणासारखी उसळी घेणारी ती गजाली, मुंगीच्या चालीने बारीक चालणारी ती नमली, अळीसारखी सरपटणारी ती दूदी, लाटेसारखी ती मौजी, करवतीच्या दात्यांसारखी ती मिन्शारी. आजचे हृदयरोगतज्ज्ञ दुसरी नावे वापरतात, त्यांचे ज्ञानही कितीतरी पुढे गेले आहे. पण त्या जुन्या पद्धतीत एक गोष्ट होती. ज्याने बिघाड ओळखला, त्याच्याच हातात रुग्णाचे मनगट होते. ओळखणारा, काळजी करणारा आणि जबाबदार धरला जाणारा, असे तिघे एकाच माणसात होते. हकीम चुकला तर कोण चुकले, हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत असायचे.

यंत्राने हे तिघे वेगळे केले. विसाव्या शतकाच्या आरंभी हॉलंडमध्ये आइन्थोव्हेन यांनी हृदयातल्या सूक्ष्म विजेची रेघ उमटवणारे उपकरण तयार केले. त्यासाठी त्यांना 1924 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या रेघेतले उंच टोक म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांचा ठोका. दोन टोकांमधले अंतर सारखे राहिले तर चाल ठीक. ते कमीजास्त होऊ लागले किंवा टोकाचा आकार बदलला, तर काहीतरी बिघडले. 1985 मध्ये पॅन आणि टॉम्पकिन्स या संशोधकांनी रेघेचा चढ, उंची आणि रुंदी तपासून संगणकाने हे टोक आपोआप कसे हुडकावे, याची रीत मांडली. ती आजही शिकवली जाते.

पण संगणकाने बरोबर ओळखले की चूक, हे कशावरून ठरवायचे? त्यासाठी 1980 मध्ये बोस्टनमध्ये एक संग्रह तयार झाला. 47 माणसांच्या हृदयाच्या अर्ध्या अर्ध्या तासाच्या 48 नोंदी आणि त्यातले एक लाखाहून अधिक ठोके. प्रत्येक ठोका दोन तज्ज्ञांनी वेगवेगळे बसून तपासला. जिथे मत जुळले नाही तिथे चर्चा करून निर्णय केला. दोन साक्षीदारांची अट आपल्याला नवी नाही. सांगायचे एवढेच, की यंत्राच्या हुशारीच्या मुळाशी शेवटी माणसांचीच साक्ष आहे. आणि ज्यांच्या छातीवरून यंत्र शिकले, ती माणसे जालना रोडवरची किंवा किराडपुऱ्यातली नव्हती, हेही ध्यानात ठेवायला हवे.

आता अडचण कुठे येते ते पाहू. यंत्र दोन प्रकारे चुकू शकते. बिघाड असताना गप्प राहणे ही एक चूक, आणि बिघाड नसताना ओरडणे ही दुसरी. पहिल्या चुकीने माणूस मरतो. दुसरीने, वरवर पाहता, काहीच होत नाही. त्यामुळे यंत्र बनवणारा ते असे बसवतो की शंका आली तरी ओरड. नियत वाईट नाही. पण थोडा हिशेब करू. समजा, 1000 रुग्णांपैकी 10 जणांच्या हृदयात खरा बिघाड आहे आणि यंत्र दोन्ही बाजूंनी शंभरात नव्वद वेळा बरोबर ठरते. म्हणजे दहापैकी 9 जण सापडतील. पण उरलेल्या 990 धडधाकट लोकांमधल्या 99 जणांसाठीही ते ओरडेल. एकूण हाका 108, खऱ्या 9. शंभरात नव्वद गुण मिळवणारे यंत्रसुद्धा बारातली एकच हाक खरी देते. हा यंत्राचा खोटेपणा नव्हे, हे साधे गणित आहे.

हे केवळ कागदावरचे नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी अतिदक्षता विभागातल्या 77 खाटांवरचे अलार्म 31 दिवस मोजले. ते भरले 25 लाखांहून अधिक. त्यातले कानांना ऐकू येणारे अलार्मच दर खाटेमागे दिवसाला 187 होते. हृदयाची चाल बिघडल्याच्या 12,671 हाका माणसांनी एकेक करून तपासल्या. त्यातल्या 88.8 टक्के चुकीच्या निघाल्या. त्याआधी 2013 मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने इशारा दिला होता, की अलार्मशी संबंधित 98 दुर्घटना साडेतीन वर्षांत तिच्याकडे नोंदल्या गेल्या आणि त्यात 80 माणसे दगावली. अलार्म ऐकून ऐकून कान मरतात, या थकव्याला तिकडे आता वैद्यकीय नाव मिळाले आहे.

मला हे आकडे वाचण्याआधीच पाहायला मिळाले होते. माझे सासरे, घरात आम्ही त्यांना अब्बाच म्हणतो, एका रुग्णालयात चार रात्री मॉनिटरवर होते. पहिल्या रात्री अलार्म वाजला की आम्ही सगळे उठून उभे राहत होतो. सिस्टर यायची, तार नीट चिकटवायची आणि म्हणायची, "चाचा, कूस बदलताना हळू हं. तार हलली की हे ओरडतं." तिसऱ्या रात्री शेजारच्या खाटेचा अलार्म वाजत होता आणि हॉलमधल्या एकाही नातेवाइकाने डोके उचलले नाही. सिस्टर एकटी होती. खाटा मी मोजल्या, चौदा होत्या. ती एकाकडून दुसऱ्याकडे जात होती आणि तिसरा वाजत होता. अल्लाहच्या मेहरबानीने अब्बा सुखरूप घरी आले. पण त्या रात्री एखाद्या खाटेवरची हाक खरी निघाली असती आणि तिला पोहोचायला उशीर झाला असता, तर दुसऱ्या दिवशी चौकशी कोणाची झाली असती, हे सांगायला नको.

शाळेत आम्ही मुलांना त्या गडरिया मुलाची गोष्ट सांगतो. तो गंमत म्हणून लांडगा आला, लांडगा आला असे ओरडतो. गाव दोनदा धावते, तिसऱ्यांदा खरेच लांडगा येतो आणि कोणी येत नाही. तात्पर्य ठरलेले आहे, खोटे बोलू नये. एकदा पाचवीतल्या एका मुलाने विचारले, "आपा, लेकिन बकरियों की क्या गलती थी?" वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गोष्टीत शिक्षा खोटे बोलणाऱ्याला झाली असे आपण म्हणतो, पण जीव गेला तो बकऱ्यांचा. आणि आपल्या वॉर्डातला गडरिया तर खोटे बोलतही नाही. गंमत म्हणून ओरडावे एवढी अक्कल यंत्राला नाही. तो भित्रा आहे, कारण त्याला भित्रा बनवले आहे. मग गोष्टीचे तात्पर्य कोणाला लागू करायचे?

इथे आपल्या शरीअतमधल्या दोन संज्ञा उपयोगी पडतात. पहिली, मुकल्लफ. ज्याच्यावर कर्तव्याचे ओझे टाकता येते आणि ज्याला त्याचा जाब विचारता येतो, तो मुकल्लफ. झोपलेला माणूस, लहान मूल, वेडा यांच्यावर ते ओझे नाही. यंत्रावर तर नाहीच. ते कितीही अचूक झाले तरी त्याला ना सवाब, ना गुनाह. म्हणून यंत्राला काम देता येते, जबाबदारी देता येत नाही. काम यंत्राकडे गेले म्हणून जबाबदारीही गेली असे वाटते, तो आपला भास आहे. ती तिथल्या तिथेच, माणसांमध्ये पडून राहते.

दुसरी संज्ञा फर्ज-ए-किफाया. जनाज्याची नमाज काही लोकांनी अदा केली की सगळ्या वस्तीची सुटका होते. कोणीच केली नाही तर सगळी वस्ती गुन्हेगार ठरते. मजलिशीत कोणी सलाम केला आणि एकाने जवाब दिला तरी पुरते. कोणीच दिला नाही तर दोष सगळ्यांवर येतो. मॉनिटरची हाक अगदी अशीच आहे. ती कोणा एकाचे नाव घेऊन येत नाही, ऐकू येईल त्या सगळ्यांवर पडते. डॉक्टरला वाटते सिस्टर पाहील, सिस्टरला वाटते तार हलली असेल, नातेवाइकाला वाटते हे त्यांचे काम, आणि व्यवस्थापनाला वाटते यंत्र घेऊन दिले, आपला फर्ज संपला. फर्ज-ए-किफाया मात्र सांगतो, की कोणीच उठले नाही तर एकटी सिस्टर गुन्हेगार नाही. चौदा खाटांवर एक सिस्टर ठेवणारा, अलार्मची मर्यादा न तपासता तशीच ठेवणारा, यंत्रासाठी पैसा आहे पण माणसासाठी नाही म्हणणारा, आणि हे सगळे चालवून घेणारा समाज, सगळे त्यात येतात.

कोणी म्हणेल, ही मौलवीसाहेबांची भाषा झाली, दवाखान्यात तिचा काय उपयोग? वैद्यकाचा इतिहासही हेच सांगतो. 1962 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत डॉ. ह्यूज डे यांनी हृदयरुग्णांना एकत्र ठेवून त्यांच्यावर सतत मॉनिटर लावणारा विभाग सुरू केला. असे विभाग इतरत्रही निघाले. पण लवकरच लक्षात आले की नुसता मॉनिटर लावून मृत्यू फारसे कमी होत नाहीत. हृदय थरथरू लागले आणि रक्ताभिसरण थांबले, की विजेचा झटका देण्यात जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. यंत्र तत्काळ ओरडायचे, डॉक्टर मात्र दुसऱ्या मजल्यावर असायचे. फिलाडेल्फियात डॉ. लॉरेन्स मेल्ट्झर यांच्यासारख्यांनी परिचारिकांना रेघ वाचायला शिकवले आणि डॉक्टरची वाट न पाहता झटका देण्याचा अधिकार दिला. त्यानंतर फरक दिसू लागला. हाक देणारा तोच होता. ओ देणाऱ्याला ज्ञान आणि अधिकार मिळाले, तेव्हा जीव वाचले.

जबाबदारीची ढकलाढकल कशी चालते, हे आपल्या शहरानेही पाहिले आहे. पीएम केअर्स निधीतून घाटीला व्हेंटिलेटर मिळाले होते. 2021 च्या मे-जून महिन्यांत त्यांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आला. रुग्णालयाचे म्हणणे, यंत्रे नीट चालत नाहीत. केंद्राच्या बाजूचे म्हणणे, यंत्रे ठीक आहेत, वापरणाऱ्यांना ती नीट हाताळता येत नाहीत. एकमेकांवर दोष टाकण्यापेक्षा रुग्णांच्या जिवाचा विचार करा, अशा शब्दांत न्यायालयाने नाराजी व्यक्त केली. यंत्र मध्ये आले की ते देणारा आणि वापरणारा, दोघांनाही त्याच्याकडे बोट दाखवून बाजूला होता येते. तेवढ्यात खाटेवरचा माणूस श्वास मोजत असतो.

काही मित्र म्हणतात, चिंता कशाला? यंत्रे सुधारत आहेत, खोट्या हाका संपतील. सुधारणा खरीच आहे. 2019 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 53 हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर शिकवलेला संगणक हृदयाच्या बारा प्रकारच्या चाली तज्ज्ञांच्या तोडीने ओळखतो, असे दाखवून दिले. आपल्या राज्यातही स्टेमी प्रकल्पात लहान गावच्या रुग्णालयात काढलेला ईसीजी दूरच्या केंद्रात संगणक आणि डॉक्टर अशा दोघांच्या नजरेखालून जाण्याची सोय झाली. ज्या तालुक्यात हृदयरोगतज्ज्ञ नाही तिथे ही मोठीच गोष्ट आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावणारे, मोबाइलला जोडता येणारे ईसीजी यंत्र विकसित केले, तेही याच वाटेवरचे पाऊल. हे सगळे नेमत आहे, आणि नेमतीचे शुक्र केले पाहिजे.

पण हाक अगदी खरी असली तरी प्रश्न संपत नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या लोकांमध्ये मध्येच जास्तीचे चुकार ठोके दिसतात, आणि ज्यांना ते दिसतात त्यांना धोका अधिक असतो, हे खरे होते. मग औषधाने ते ठोके दाबून टाकले की माणूस वाचेल, असे डॉक्टरांना वाटले. लाखो लोकांना तशी औषधे दिली गेली. शेवटी अमेरिकेत रीतसर चाचणी झाली. 1991 मध्ये तिचे पूर्ण निष्कर्ष छापून आले. फ्लेकेनाइड किंवा एन्केनाइड घेणाऱ्या 755 जणांपैकी 63 दगावले होते, आणि साधी बिनऔषधी गोळी घेणाऱ्या 743 पैकी 26. मॉनिटरची रेघ सुधारली होती, माणसे मात्र मेली होती. ठोका ओळखण्यात कोणाचीच चूक नव्हती. ठोक्यापलीकडचा माणूस कोणी विचारात घेतला नव्हता. कोणती हाक कोणत्या माणसाची आहे, त्याचे वय काय, त्याला काय सोसवेल, त्याची इच्छा काय, हे कोणीतरी त्याच्या उशाशी बसूनच ठरवावे लागते.

आता थोडे आपल्या घरातले. इमाम गजालींनी 'इह्या'मध्ये तिब्ब म्हणजे वैद्यक हे फर्ज-ए-किफाया असल्याचे लिहिले आहे, आणि लोक ते सोडून फिकहच्या वादांकडे का धावतात, अशी तक्रारही केली आहे. गोष्ट नऊशे वर्षांपूर्वीची. मी ज्या शाळांत शिकवले तिथल्या दहावीच्या मुलींना पुढे काय करणार असे विचारले, तर बहुतेक डी.एड. म्हणतात, काही डॉक्टर म्हणतात. नर्सिंग म्हणणारी क्वचितच सापडते. घरचे म्हणतात, रात्रपाळी असते, परक्या माणसांना हात लावावा लागतो, लोक काय म्हणतील. आणि तेच घरचे, अब्बा किंवा अम्मी खाटेवर असल्या की, रात्री तीन वाजता सिस्टर धावत यावी अशी दुआ करतात. दुसऱ्याच्या मुलीने रात्र जागावी आणि आपली मुलगी घरात असावी, हा कसला इन्साफ? हाकेला ओ देणारे कमी आहेत, अशी तक्रार करायची तर ओ देणारे घडवण्यात आपला हिस्सा किती, हेही विचारायला हवे. त्या मुलींना रेघ वाचायची विद्या मिळाली पाहिजे, कामाचा पुरेसा मोबदला मिळाला पाहिजे, आणि परत आल्यावर मोहल्ल्यात इज्जत मिळाली पाहिजे. तिसरी गोष्ट तरी आपल्या हातात आहे.

घाटी रुग्णालयाजवळच आपली पाणचक्की आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून कोसो दूर आणले, त्याच्या धारेवर चक्की फिरवली, आणि तिच्यावर दळलेल्या पिठातून फकीर-मुसाफिरांची भूक भागली. त्या काळाच्या मानाने ते मोठे स्वयंचलित यंत्रच होते. पण चक्कीने गरिबांना जेवू घातले, असे कोणी म्हणत नाही. दाणे कोणीतरी टाकले, पीठ कोणीतरी भरले, भाकरी कोणीतरी भाजली आणि दारात आलेल्याला हाताने वाढली. पुण्य त्यांच्या नावावर लिहिले गेले. भाकरी मिळाली नसती, तर त्याचा दोषही चक्कीवर गेला नसता.

मॉनिटरच्या बाबतीत एवढेच समजून घ्यायचे आहे. तो बसवला म्हणजे फर्ज अदा झाला असे नाही, उलट तिथून तो सुरू झाला. म्हणून यापुढे आपले माणूस रुग्णालयात ठेवताना खाटेशेजारचे यंत्र किती नवे आहे, हे विचारून थांबू नये. नम्रपणे, कोणाला न दुखावता, आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. रात्री याच्याकडे लक्ष कोणाचे असणार? आणि त्यांच्याकडे आणखी किती खाटा आहेत? उत्तरात एखाद्या माणसाचे नाव मिळाले तर त्या माणसाला सलाम करावा, त्याचे नाव लक्षात ठेवावे. नाव मिळाले नाही तर ते मिळेपर्यंत विचारीत राहावे. आपल्या खाटेसाठी तर विचारावेच, पण शेजारच्या खाटेवर ज्याच्यासाठी विचारणारे कोणी नाही, त्याच्यासाठीही विचारावे.